तंबाखूवर रिसर्च करायचाय, पण शिकवणार कोण आणि पैसे देणार कोण?

मागच्या अंकात मशेरी आणि गरोदरपण यावर लिहिलं होतं. मशेरी सोडायची कशी असं लोक विचारतील अशी माझी तयारी होती, पण आले ते प्रश्न वेगळेच. तंबाखूचा त्रास काही ठराविक लोकांनाच जास्त का होतो यावर आम्हाला काम करायचंय, शिकायचं कुठे आणि खर्च कोण करणार, अशा अर्थाची बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, मी बीडीएस आहे, हडपसरला छोटं क्लिनिक आहे. रामटेकडी, वैदूवाडी भागातून येणाऱ्या बऱ्याच बायका मशेरी लावतात, गालात पांढरे चट्टे दिसतात, काहींचं तर तोंडच नीट उघडत नाही. यावर अभ्यास करावा असं फार वाटतं पण कॉलेजात रिसर्च म्हणजे काय हे कुणी शिकवलंच नाही. माझ्यासारख्या नवख्या व्यक्तीला ट्रेनिंगसाठी पैसे कोण देतं?
– एक डेंटिस्ट, हडपसर

उत्तर : सरळच सांगते, एकट्या डॉक्टरला क्लिनिकच्या पत्त्यावर रिसर्चचे पैसे कुणी देत नाही. ग्रँट येते ती संस्थेच्या खात्यात. संस्थेकडे एथिक्स कमिटी (अभ्यासातल्या लोकांचं नुकसान होत नाही ना हे बघणारी) लागते, हिशेब ठेवणारी माणसं लागतात आणि प्रपोजलवर ज्याचं नाव पहिलं असतं त्याच्या गाठीशी थोडंफार काम लागतं. म्हणजे अनुभव नाही म्हणून पैसे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून अनुभव नाही. सगळे नवखे इथेच अडकतात, तुम्ही एकट्या नाही. यातून वाट एकच, कुणाच्या तरी चालू असलेल्या कामात शिरायचं.

पुण्यात अशी दारं आहेत. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर वढूला शिरूर-हवेलीतल्या गावांमधे 2002 पासून घरोघरची नोंद ठेवतंय, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरगावी गेलं, सगळं. बीजे मेडिकल आणि एएफएमसी या मेडिकल कॉलेजांमधे कम्युनिटी मेडिसिनचे विभाग आहेत, आणि डेंटल कॉलेजांमधे पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री म्हणून विभाग असतो तिकडे सहसा कुणी फिरकत नाही, तिथे जा. जाताना "मला रिसर्च शिकवा" असं म्हणू नका, कारण असं म्हणणारे त्यांच्याकडे रोज येतात. "माझ्याकडे या वस्तीतल्या बायका येतात, त्या माझ्याशी मोकळं बोलतात, आठवड्यातल्या दोन दुपारी मी देते, तुम्ही मला सहसंशोधक म्हणून घ्या" असं म्हणा. तुमच्याकडे जे आहे ते त्या प्रोफेसरकडे नाहीये हे लक्षात ठेवा.

आता विषयाचं. महाराष्ट्रात 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, ज्याला सगळे गॅट्स-2 म्हणतात, 26.6 टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू वापरणारे निघाले, त्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के आणि धूरविरहित म्हणजे खाणारे, लावणारे, चघळणारे 24.4 टक्के, काही जण दोन्ही करतात. आणि आपल्या ओपीडीच्या फॉर्मवर प्रश्न काय असतो तर स्मोकिंग, हो की नाही. बाई म्हणते नाही, डॉक्टर टिक मारतो, झालं! ती बाई कागदावर तंबाखूमुक्त होऊन घरी जाऊन तव्यावर तंबाखू भाजायला मोकळी. मुंबईत 1217 गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 मधे छापून आला, त्यात मशेरी वगैरे वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळलं. विचारलं म्हणून कळलं ना.

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीवर मात्र थांबा. तोंड उघडत नाही म्हणता तिथे सुपारीचा संशय घ्या, तोंड आखडत जाणाऱ्या या आजाराचा, सबम्युकस फायब्रोसिसचा, संबंध मुख्यतः सुपारीशी आहे, म्हणजे गुटखा, मावा, नुसती सुपारीसुद्धा. मशेरी लावणारी बाई दुपारी मावाही खात असेल आणि तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात टाकलंत तर अख्खा अभ्यास वाया. प्रत्येक पदार्थ त्याच्या बोलीतल्या नावाने वेगळा विचारा, दिवसातून किती वेळा, कुणाकडून सुरू झालं, महिन्याला किती रुपये जातात, हे पण. ही प्रश्नावली तयार करणं हेच तुमचं पहिलं ट्रेनिंग समजा, त्याला ग्रँट लागत नाही.

शिकायला जॉन्स हॉपकिन्सचा तंबाखू नियंत्रणावरचा ऑनलाइन कोर्स आहे तो फुकट आहे. पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर पुणे विद्यापीठात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, आहे. मोठ्या फेलोशिप, जसं की आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सची क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थची, त्या पुढच्या पायरीवर, आत्ता त्यांच्या मागे लागून वर्ष घालवू नका. तुमच्याकडे कुणी बीडीएसची विद्यार्थिनी येत असेल तर तिला मात्र आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिपबद्दल आवर्जून सांगा, एमबीबीएस-बीडीएस शिकतानाच दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट करायला त्यात स्टायपेंड मिळतो. आणि हो, चट्टे दिसले की रिसर्चची वाट न बघता बायोप्सीला पाठवा, हे तुम्हाला सांगायला नको पण सांगते.

प्रश्न : मी एमएसडब्ल्यू केलंय. वडील मार्केट यार्डात हमाल, आई कचरा वेचते, दोघंही तंबाखू खातात. कष्टकऱ्यांमधल्या तंबाखूवर मला पीएचडी करायचीय तर ज्यांच्याकडे गेले ते सर म्हणाले या विषयाला फंडिंग नाही, दुसरा घे. खरंच नाही का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : सर अर्धं बरोबर बोलले. "तंबाखू आणि विषमता" अशा नावाची थैली आपल्याकडे कुणी उघडून बसलेलं नाही. पण पीएचडीची फेलोशिप बहुतेक वेळा माणसाला मिळते, विषयाला नाही, हे सरांनी सांगायला हवं होतं! नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, काढलीस तर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर) झालीस की 42,000, वर घरभाडं. सोशल वर्कचा पेपर आहेच, वर्षातून दोनदा परीक्षा होते. विषय कुठला घ्यायचा हे तू आणि विद्यापीठाची समिती ठरवणार.

जेआरएफ नाही मिळाली तरी आपल्या राज्यात सोय आहे आणि तिची ऑफिसं तुझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहेत. अनुसूचित जातीची असशील तर बार्टी, मराठा-कुणबी असशील तर सारथी, दोन्ही पुण्यातच. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, ती नागपूरला. आदिवासी असशील तर टीआरटीआय या आदिवासी संशोधन संस्थेत जाऊन चौकशी कर, ती पण पुण्यात. समाजशास्त्राच्या अंगाने विषय मांडलास तर आयसीएसएसआर या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या डॉक्टरल फेलोशिपला पण अर्ज करता येतो. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो म्हणून जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र यांची एक फाईल कायम तयार ठेव. आणि पैसे वेळेवर येतील हे धरून चालू नकोस, सहा-सहा महिने हप्ता न आलेली मुलं मला माहितीयेत, तोपर्यंत ट्यूशन, ट्रान्स्क्रिप्शन, जे मिळेल ते कर पण घर चालेल एवढी सोय बघ, उगाच आईच्या गळ्यातलं मोडायची वेळ आणू नकोस.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तंबाखूच्या रिसर्चमधे आजवर प्रश्न विचारणारे एका वर्गातले आणि उत्तरं देणारे दुसऱ्या वर्गातले, असंच बहुतेक चाललंय. त्यामुळे "हे लोक अडाणी आहेत, त्यांना धोका कळत नाही" असला निष्कर्ष आधीच खिशात घेऊन लोक वस्तीत येतात. तुला माहितीये की पहाटे निघालेल्या बाईला दुपारपर्यंत भूक मारायला चिमूटभर तंबाखू लागते, कचऱ्याचा वास सहन व्हायला लागते, आणि पोटभर नाश्त्यापेक्षा पुडी स्वस्त पडते. हमालाला पाठीवर पोतं घेऊन विडी ओढता येत नाही, गालात बार धरता येतो. म्हणजे हा प्रश्न कामाच्या तासांचा आहे, जेवणाच्या सुट्टीचा आहे, संडासच्या सोयीचा पण असेल, नुसता सवयीचा नाही. हे बाहेरच्याला सुचायलाच दोन वर्षं जातात. प्रपोजलमधे हे लिही, लाजू नकोस, माझे आईवडील याच कामात आहेत असं स्पष्ट लिही. कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, हमाल पंचायत त्याच्या कितीतरी आधीपासून, या संघटनांना सुरुवातीलाच भेट आणि काय विचारायला हवं ते त्यांनाच विचार.

एकच काळजी घे. ओळखीच्या मावशीला नाही म्हणणं जड जातं, तिला वाटेल आपल्या पोरीचं काम आहे, सही करून टाकू. म्हणून ओळखीतल्या लोकांची संमती शक्यतो दुसऱ्या कुणाकडून घे, आणि कुणी काय सांगितलं ते मुकादमापर्यंत जाणार नाही याची सोय आधी कर. आयसीएमआरच्या 2017 च्या एथिक्स गाइडलाइन्समधे अशा दुर्बल गटांबद्दल वेगळा भाग आहे, तो वाच.

प्रश्न : तंबाखू वाईट हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग त्यावर संशोधक तयार करायला जनतेचा पैसा कशाला? बंदी घाला, दंड करा, विषय संपला.
– एक ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बघा, पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, शेजारी शेजारी लटकलेल्या असतात, गिऱ्हाईक तळहातावर मिसळतं. बंदी नको असं नाही म्हणत मी, पण बंदीनंतर लोक नक्की कशाकडे वळले, कुणाची सुटली आणि कुणाची नाही, हे कुणीतरी मोजायला नको का? पाकिटाच्या 85 टक्के भागावर भीतीदायक चित्र आणि इशारा छापायचा नियम 2016 पासून लागू आहे, छानच आहे, पण जी बाई बाजारातून सुटी तंबाखू आणून घरी भाजून मशेरी करते तिच्या डब्यावर कुठलं चित्र? वाईट आहे हे तिलाही ठाऊक आहे हो. तंबाखू सोडायला मदत करणारी फुकट फोनसेवा, क्विटलाइन, आहे, 1800-11-2356, पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर ती दुपारी कुठून लावणार. ही असली माहिती दंडाच्या पावतीवर मिळत नाही.

प्रश्न : माझी भाची कॅलिफोर्नियात असते, ती म्हणते तिकडे तंबाखूच्या करातूनच नवीन संशोधकांना शिकवायला पैसे मिळतात. हे खरंय का, आणि पुण्यातून अर्ज करता येतो का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : खरंय. 1988 च्या नोव्हेंबरमधे तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन 99 मंजूर केलं, सिगारेटच्या पाकिटामागे 25 सेंट जादा कर, आणि त्यातले 5 टक्के तंबाखूशी संबंधित आजारांच्या संशोधनाला राखून ठेवायचे असं कायद्यातच लिहिलं. तो कार्यक्रम युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया चालवते. 2016 मधे प्रपोझिशन 56 आलं आणि पाकिटामागे आणखी 2 डॉलर वाढले. गंमत अशी की लोकांनी सिगारेट सोडली की करही कमी येतो आणि फंड आटतो, म्हणजे काम यशस्वी झालं की पैसे कमी.

मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे कॉर्नेलियस हॉपर यांच्या नावाची पुरवणी ग्रँट. ज्या संशोधकाकडे या कार्यक्रमाची ग्रँट आधीच आहे त्याने एखाद्या वंचित समाजातल्या, किंवा अशा समाजासोबत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हाताशी घेऊन शिकवलं तर त्याला त्यासाठी वेगळे पैसे मिळतात. शिकवणं हे सुद्धा काम आहे आणि त्याला खर्च येतो, हे तिथे मान्य केलंय. आपल्याकडे प्रोजेक्टमधे जेआरएफची जागा असते पण ती राबायला. फॉर्म भरून घ्या, एक्सेल करा, गाईडच्या मुलीला शाळेतून आणा, मग वेळ उरला तर शिका. त्यांच्याकडची विषमता वेगळी आहे, अमेरिकेत काळ्या समाजात मेंथॉल, म्हणजे पुदिन्यासारख्या थंड चवीची, सिगारेट फार चालते आणि कंपन्यांनी त्यांच्या वस्त्यांमधे ती मुद्दाम खपवली, आपल्याकडे मशेरी आणि विडी. पण शिकवायचा खर्च वेगळा धरायची पद्धत उचलण्यासारखी आहे. तंबाखूवर कर आपणही घेतोच ना.

अर्ज मात्र नाही करता येणार, तो पैसा कॅलिफोर्नियातल्या संस्थांसाठी आहे. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची शैक्षणिक कर्ज फेडून द्यायची एक योजना आहे, वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत, त्यात आरोग्य विषमतेवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा गट आहे, पण ती तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच. भाची त्यात बसत असेल तर तिला सांगा. भारतासारख्या देशांसाठी एनआयएचच्या फोगार्टी सेंटरने 2002 मधे तंबाखू संशोधन आणि क्षमता वाढवण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. पण 2025 मधे एनआयएचने परदेशी संस्थांना पोटअनुदान, म्हणजे अमेरिकन संस्थेच्या ग्रँटमधला वाटा, द्यायचे नियमच बदलले, त्यामुळे अमेरिकेच्या पैशावर डोळा ठेवून तीन वर्षांचं प्लॅनिंग करू नका. शिवाय परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बघावा लागतो आणि आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, त्यात महिने जातात.

प्रश्न : एका संस्थेकडून मेल आलाय, परदेशात दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, विमानभाडं, राहणं सगळं ते देणार. विषय धूम्रपान सोडवण्याचाच आहे. पण खाली बारीक अक्षरात एका सिगारेट कंपनीचं नाव दिसलं. घ्यावं का?
– एक संशोधक, पिंपरी

उत्तर : नाही.

कारणं पण सांगते, नाहीतर म्हणाल ताई उगाच कडक. डब्ल्यूएचओच्या तंबाखू नियंत्रण करारात, ज्यावर भारताने 2004 मधे शिक्कामोर्तब केलं, कलम 5.3 आहे, तंबाखू धोरणं उद्योगाच्या हितसंबंधांपासून सांभाळायची म्हणून. 2017 मधे धूरमुक्त जगाच्या नावाने एक फाउंडेशन निघालं, पैसा फिलिप मॉरिस इंटरनॅशनलचा, वर्षाला 8 कोटी डॉलर आणि तेही 12 वर्षं देण्याचं आश्वासन. डब्ल्यूएचओने लगेच सांगितलं की सरकारांनी आणि आरोग्य क्षेत्राने यांच्याशी भागीदारी करू नये. 2024 मधे त्या फाउंडेशनने नाव बदललं. म्हणून मेलवरचं नाव कितीही गोड असू दे, पैसा कुठून येतो ते बघायचं, आणि तुम्ही ते बघितलंत हे फार बरं केलंत.

व्यवहाराचं बोलायचं तर पीएलओएस मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मधे आणि बीएमजेने 2013 मधे तंबाखू उद्योगाच्या पैशावरचं संशोधन छापायचं बंद केलं. उद्या तुमचा पेपर चांगला असला तरी हितसंबंधांच्या रकान्यात हे विमानभाडं लिहावं लागेल, आणि नाही लिहिलंत तर ते त्याहून वाईट. करिअरच्या सुरुवातीलाच हा डाग कशाला. मेलला उत्तर देताना भांडण नको, "आमच्या संस्थेच्या धोरणात बसत नाही" एवढं लिहा आणि संस्थेत असं धोरण नसेल तर डायरेक्टरना सांगून करून घ्या.

प्रश्न : मी आयटीत आहे. बाबा तोंडाच्या कॅन्सरने गेले, त्यांच्या नावाने दरवर्षी काही रक्कम द्यावी असं आम्हा भावंडांना वाटतंय. जागृती शिबिर घ्यावं की अजून काही?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : शिबिरं, बॅनर, टोप्या याला देणारे खूप आहेत, तिकडे नका जाऊ. एका माणसाला शिकवा. जेआरएफच्या दराने धरलं तर एका नवख्या संशोधकाचा वर्षाचा खर्च घरभाडं सोडून 4 लाख 44 हजार होतो, भावंडांनी मिळून जमण्यासारखा आहे. तेवढं नसेल तर ज्या गोष्टींना कुणी पैसे देत नाही त्या द्या, म्हणजे वस्तीत फिरायचं रिक्षाभाडं, मुलाखती लिहून काढणाऱ्याचे पैसे, रोज बुडवून दोन तास बोलायला बसणाऱ्या बाईची भरपाई.

पैसे व्यक्तीच्या खात्यात देऊ नका, संस्थेला द्या, लेखी करार करा, देणगीवर करसवलत मिळते का बघा. करारात तीन अटी घाला. निवड करताना ज्या वस्त्यांमधे तंबाखू जास्त आहे तिथून आलेल्या मुलामुलींना आधी बघायचं, गाईडने आठवड्यातून ठरलेला वेळ शिकवायला द्यायचा आणि त्याचा मोबदला त्यालाही मिळेल, आणि स्टायपेंड दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. शेवटच्या अटीवर संस्था कुरकुर करेल, अडून बसा. दोन वर्षांचे पैसे आधीच वेगळे ठेवलेत तरच सुरू करा, कारण वर्षभराने दात्याचा उत्साह ओसरला की मुलगी अर्ध्या पीएचडीवर लटकते. विषय तुम्ही ठरवू नका, त्यातल्या त्यात तोंडाचा कॅन्सर हवा असेल तर तेवढं सांगा. बाबा कुठली तंबाखू खायचे, किती वर्षं, सोडायचा प्रयत्न केला होता का, हे जर तुम्हाला त्या संशोधकाला सांगावंसं वाटलं तर संस्थेमार्फत संमतीपत्र भरून सांगा, अशी घरून कळलेली माहिती प्रश्नावली करताना फार उपयोगी पडते.